अक्षयपात्राचा इन्व्हर्टर

पांडव वनवासाला निघाले तेव्हा त्यांच्यामागोमाग ब्राह्मणांचा मोठा समुदाय निघाला, आणि एवढ्या पंगतीला जेवायला काय घालायचं, हा धर्मराजापुढचा पहिला प्रश्न होता. त्याने सूर्याची आराधना केली, सूर्याने अक्षयपात्र दिलं, आणि द्रौपदी जेवेपर्यंत त्यातलं अन्न संपेनासं झालं. म्हणजे आपला सर्वांत गाजलेला वनवाससुद्धा सौरऊर्जेवरच चालला होता. रामाकडे तसं पात्र नव्हतं, पण लक्ष्मण होता. पर्णकुटी त्याने बांधायची, पहारा त्याने द्यायचा, लाकूडफाटा त्याने आणायचा. रानात राहायचं तर एक तर यंत्र लागतं, नाही तर माणूस लागतो, ही गोष्ट महाकाव्यांनी कधी झाकून ठेवली नाही. झाकाझाक सुरू झाली ती आपल्याला ‘ऑफ ग्रिड’, म्हणजे विजेच्या सार्वजनिक जाळ्याबाहेर, हा शब्द सापडल्यापासून.

पुण्याहून पौड रस्त्याने पिरंगुट मागे टाकलं की हा शब्द पाट्यांवर दिसू लागतो. मुळशी, ताम्हिणी, वेल्हे, पानशेत, जिकडे जावं तिकडे निसर्गाची कूस गुंठ्याच्या भावाने विकायला काढलेली असते. त्या कुशीतलं घर दगड-लाकडाचं, वर मंगलोरी कौलं, कौलांखाली वॉटरप्रूफिंग. दिवाणखान्यात जात्याच्या तळीवर काच बसवून केलेला टीपॉय, तांब्याच्या बंबात मनीप्लांट. खुंटीवरच्या कंदिलात एलईडी असतो आणि त्याच्या बुडाशी मोबाइल चार्ज करायची सोय. जिथे पूर्वी पणती ठेवत त्या कोनाड्यात आता राऊटर ठेवलेला असतो आणि रात्रभर तोच मिणमिणतो. फ्रीज, गीझर, पाणी शुद्ध करणारं यंत्र हे तर आलंच. एसी असतो, पण तो ‘फक्त मे महिन्यापुरता’, असं सांगताना मालकाचा आवाज थोडा खाली येतो. सोयींना माझा काडीचा विरोध नाही. गीझर ही मानवजातीची मोठी कमाई आहे आणि थंड पाण्याने आत्मा शुद्ध होतो असं सांगणाऱ्याला माघात नदीत उभं करावं, या मताचा मी आहे. माझी तक्रार नावाबद्दल आहे. या घराला ‘शहर सोडणं’ म्हणतात, आणि तिथे हिशोब चुकतो.

शहर सुटत नाही, शहराची दोरी लांबते, एवढंच होतं. शहरात वीज गेली तर आपण बिल भरल्याच्या हक्काने तक्रार करतो. डोंगरावर वीज गेली तर पॅनेलवाला, बॅटरीवाला आणि इन्व्हर्टरवाला अशा तिघांना फोन लागतात आणि तिघेही शहरातच राहतात. शिवाय सह्याद्रीने सौरऊर्जेशी कुठलाही करार केलेला नाही. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणी घाटात एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. पुण्यात वर्षभरात जेवढा पडतो त्याच्या निम्म्याहून अधिक. अशा पावसाच्या चार महिन्यांत पॅनेलवर ऊन कमी पडतं आणि शेवाळ जास्त धरतं. मग मागच्या शेडमधला जनरेटर धडधडू लागतो, त्याचं डिझेल पिकअपमधून घाट चढून येतं, आणि शांततेसाठी घेतलेल्या घरात शांतता हवी तर जनरेटर बंद करून अंधारात बसावं लागतं. पाण्याचंही तेच. ढगफुटीच्या प्रदेशात मार्चनंतर बोअर कोरडी पडते आणि टँकर येतो. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची कटकट नको म्हणून इतक्या लांब आलेल्या माणसाला ‘पोहोचलो’ एवढा निरोप धाडायला सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणारा उपग्रह लागावा अशी आता त्याची इच्छा आहे. कोथरूडच्या सोसायटीत हेच काम खिडकीतून हाक मारून झालं असतं.

इथे कोणी तरी थोरोचं नाव काढतोच. हेन्री डेव्हिड थोरो १८४५ च्या ४ जुलैला वॉल्डन तळ्याकाठच्या झोपडीत राहायला गेला, दोन वर्षं दोन महिने राहिला, आणि साऱ्या जगाला साधेपणाचा धडा देऊन परत आला. त्याची टवाळी करणारे लगेच दाखवून देतात की जमीन त्याच्या मित्राची, इमर्सनची होती, कॉन्कॉर्ड गाव दीड मैलावर होतं आणि तळ्याच्या कडेने आगगाडी धावत होती. तेव्हा त्यालाही सोयी होत्या, मग आमच्याच फ्रीजवर डोळा का, असा हा युक्तिवाद आहे. पण थोरोने एक गोष्ट केली. दहा बाय पंधरा फुटांच्या त्या खोपटाला आलेला खर्च, २८ डॉलर साडेबारा सेंट, फळ्या, खिळे आणि चुन्यासकट त्याने पुस्तकात छापला. आगगाडीही लपवली नाही. मला आमच्या डोंगरकरांकडून वैराग्य नको, फक्त अर्ध्या सेंटपर्यंतचा तो हिशोब हवा. त्यात पॅनेलं धरा, डिझेल धरा, दर शनिवार-रविवारी घाट चढणाऱ्या फोर बाय फोरचं पेट्रोल धरा, आणि रस्ता कोणाच्या पैशांनी डांबरी झाला तेही धरा.

मुळशीत ‘ऑफ ग्रिड’ म्हणणं तर विशेष धाडसाचं आहे. ज्या पाण्याच्या ‘व्ह्यू’साठी गुंठ्याचा भाव दुप्पट होतो ते तळं नव्हे, धरण आहे. टाटांच्या वीजयोजनेसाठी ते बांधायला घेतलं तेव्हा मावळातली भातखाचरं आणि गावं बुडणार म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सत्याग्रह हरला. पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरलं, १९२७ पासून तिथे वीज होऊ लागली आणि ती मुंबईकडे गेली. म्हणजे मुंबईच्या ग्रिडचं एक माहेर हेच. त्या विजेवर वाढलेल्या शहरातला माणूस शंभर वर्षांनी, वीज नको झाली म्हणून, बुडालेल्या खाचरांच्या काठावर खुर्ची टाकून बसतो आणि इथे किती अस्पर्श वाटतं म्हणतो. अस्पर्श राहील कसं? आधी पाण्याने बुडवलं, आता वरच्या उतारावर जेसीबी फिरतो.

यावर रोजगाराचा मुद्दा येतो, आणि तो मी उडवून लावणार नाही. गडी माणसाला पगार मिळतो, बायकांना स्वयंपाकाचं काम मिळतं, अंडी-तांदूळ खपतात. खरं आहे. फक्त क्रम पाहावा. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, म्हणून शहरातला गृहस्थ कुठून तरी दाखला मिळवून आधी शेतकरी होतो. आणि ज्याच्या नावाचा सातबारा होता तो विकून केअरटेकर होतो. दोघांनी फक्त पदं बदलली. केअरटेकरला सगळं येतं: बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायला येतं, पाण्याची मोटर उघडायला येतं, साप काठीने बाजूला करायला येतं. लक्ष्मणाचं काम तो चोख करतो. फरक इतकाच की लक्ष्मणाचं नाव रामायणात जागोजागी येतं आणि याचं नाव मालकाच्या फोटोंखाली कधी येत नाही.

उरला शेवटचा आणि सर्वांत सात्त्विक आक्षेप: रानात राहणाऱ्याने हाल का काढावेत, सोय हा सगळ्यांचाच हक्क नाही का? अगदी आहे, आणि हे वाक्य जपून ठेवावं, कारण ते ज्यांच्या उपयोगाचं आहे त्यांच्यापर्यंत ते पोहोचलेलं नाही. याच घाटमाथ्यावर धनगरवाडे आहेत, जिथून आजारी माणूस अजून झोळीत घालून खाली आणावा लागतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वाडीला रस्ता नव्हता. मदतीला गेलेले लोक चिखलातून डोंगर चढून गेले, जड यंत्रं वर नेता आली नाहीत आणि ढिगारे हातांनी उपसावे लागले. जेसीबी चढत नाही असा डोंगर सह्याद्रीत असतो, हे प्लॉटिंगच्या जाहिराती वाचणाऱ्याला खरं वाटणार नाही. रस्त्याविना, तारेविना, रेंजविना राहणारे लोक इथे पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यांच्या राहण्याला कोणी ‘ऑफ ग्रिड’ म्हणत नाही, अर्जात ‘दुर्गम’ लिहितात आणि अर्ज पुढच्या टेबलावर सरकतो. ग्रिड सोडण्याचा मान ज्याच्या घरी ग्रिड आहे त्यालाच मिळतो.

रविवारी संध्याकाळी पिरंगुटच्या चौकात एकांतातून परतणाऱ्यांची रांग लागते आणि गाडीला गाडी चिकटते. तिकडे वर केअरटेकर खुर्च्या आत घेतो, जात्यावरची काच पुसतो, फ्रीज रिकामा करतो आणि मालकांनी सांगितल्याप्रमाणे राऊटरचं बटण बंद करतो. मग मुलीला फोन लावायला रेंज शोधत मागचं टेकाड चढू लागतो.