टक्केवारीवाले सर

सकाळी शाळेत विज्ञान आणि संध्याकाळी कन्नडच्या बसस्टँडमागच्या गाळ्यात ‘मेंदूविकास’. पोरगं अभ्यास सोडून खिडकीबाहेर बघतं म्हणून अद्रक लावणारा बाप त्याला दंडाला धरून आणतो. सर चष्मा पुसत पहिलं वाक्य टाकतात, “माणूस मेंदू वापरतो फक्त दहा टक्के.” बापाचा चेहरा खुलतो. म्हणजे पोरगं ढ नाही, माल शिल्लक आहे! फी तिथंच मोजली जाते.

भिंतीवर आइन्स्टाइन. त्यानं म्हणे बारा टक्के वापरला. (त्याच्या मेंदूचं वजन १२३० ग्रॅम भरलं होतं, सरासरीहून कमीच, पण सरांना हे सांगून फोटो उतरवायला लावायचं पाप कोण करील?) खरं तर मेंदू शरीराच्या वजनाच्या दोनच टक्के, आणि ऊर्जा खातो वीस टक्के, आपण लोळत पडलेलो असलो तरी. नुसत्या बसून राहणाऱ्या बैलाला एवढा कडबा कुणी घालत नाही.

गंमत म्हणजे हाच माणूस भिंग आणि लिटमस हातात देऊन शाळेत झकास शिकवतो. आम्ल म्हटलं की लिंबू पिळून दाखवतो. मेंदू आला, की मात्र प्रयोग बंद आणि प्रवचन सुरू.

क्लासात डावीकडे ‘डाव्या मेंदूचे’, म्हणजे गणितवाले, उजवीकडे कलावंत. पंखा उजवीकडे असल्यामुळे एप्रिलमध्ये सगळी बॅच कलावंत होते. रॉजर स्पेरींना १९८१ साली नोबेल मिळालं, हे सर छातीठोक सांगतात. स्पेरींनी तपासलेल्या अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूच्या दोन अर्धांमधला पूल शस्त्रक्रियेनं तोडलेला होता, एवढंच गाळतात. आपला पूल शाबूत असतो. अमेरिकेत २०१३ साली हजाराहून अधिक जणांचे मेंदू-स्कॅन तपासले, तरी कुणी निव्वळ डावा किंवा उजवा निघाला नाही. हे ऐकवलं तेव्हा सर शांतपणे म्हणाले, “अमेरिकेतलं असेल.”

परवा मात्र खिडकीबाहेर बघणाऱ्या त्याच पोरानं हात वर केला.

“सर, चाळीसगावला जाताना तुम्ही हेल्मेट का घालता?”

“औट्रम घाट आहे रे बाबा. पडलो तर?”

“पण दहातल्या नऊ वेळा मार रिकाम्या जागेलाच लागेल ना?”

वर्ग खिदळला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“गाढवा, ते नव्वद टक्के अजून कोरे आहेत. त्यांनाच तर जपायचंय!”