साक्षीदार ‘अ’ आणि ‘ब’ यांस

श्री. साक्षीदार ‘अ’ आणि श्री. साक्षीदार ‘ब’,
मु. पो. गोपनीय, खानदेश.


पत्रास कारण की, तुमचं कौतुक करावं तेवढं थोडं. जळगाव असो की धुळे, कुणाला एमपीडीए, म्हणजे विनाखटला स्थानबद्धतेचा कायदा, लागला की आदेशाच्या कागदांत तुमचे इन-कॅमेरा जबाब हजर. नाव नाही, गाव नाही, तारीख बहुधा मोघम. पण काय भो तुमचा योगायोग! ‘अ’च्या गळ्याला कोयता लावून खिशातले पैसे काढले जातात, पुढच्या पानावर ‘ब’चंही तेच. आणि शेवट ठरलेला : लोक सैरावैरा पळाले, दुकानदारांनी पटापट शटरं ओढली.

ते शटर मला फार आवडतं. १९६५ मध्ये राममनोहर लोहियांना स्थानबद्धतेतून सोडताना सर्वोच्च न्यायालयाने फरक सांगितला : दोघांची हाणामारी हा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न, त्यातून सगळा समाज विस्कटला, तरच सार्वजनिक सुव्यवस्था बिघडली म्हणायचं. एमपीडीएला हे दुसरं लागतं. म्हणजे कोयता नुसता तुमच्या गळ्याशी राहिला तर साधा गुन्हा. शटर पडलं की स्थानबद्धता. हा निकाल तोंडपाठ असलेले दोन साक्षीदार खानदेशात आहेत, याचा अभिमान वाटतो.

तुमच्या या दोन पानांच्या भरवशावर माणूस १२ महिन्यांपर्यंत आत. १९८१ चा हा कायदा झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्यासाठी आला. पुढे २०१५ मध्ये वाळूतस्करही त्यात घेतले, म्हणजे गिरणा-तापीचीही सोय झाली. तुमची उलटतपासणी नाही. आदेश तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढे वकील द्या, असा हक्क नाही. मग घरच्यांनी भेटीला येरवडा नाहीतर नागपूर गाठायचं आणि हेबियस कॉर्पसची याचिका टाकायला संभाजीनगरचं खंडपीठ. खंडपीठ पुष्कळदा आदेश रद्दही करतं : जबाबांची खातरजमा केली नाही, स्थानबद्धाचं निवेदन पडून राहिलं, दिलेली झेरॉक्स वाचता येत नाही. पण गेलेले महिने परत करायचं कलम कुठल्याच कायद्यात नाही. आणि याचिका फेटाळली तर? तर दिल्ली. तिथे नंबर लागेपर्यंत वर्ष भरतं, माणूस आपसूक घरी येतो आणि अपिलाला कुणी विचारत नाही.

गुंडांची कड घेतो म्हणाल. नाही भो. आत गेलेला संत नसेलच. पण गुन्हा केलाय तर खटला चालवा, शिक्षा द्या. तुम्ही खरोखर असाल आणि खरोखर घाबरला असाल, तर साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा राज्याने २०१७ मध्येच केलाय. या, पिंजऱ्यात उभे राहा, चहा माझ्याकडून.

जबाब लिहून घेण्यावरून आठवलं : १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीता सांगितली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. सांगणारा कोण, लिहिणारा कोण, साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तुमच्या जबाबात सांगणारा गोपनीय. आणि लिहिणाऱ्याला कुणी विचारतच नाही.

कळावे,
एक खानदेशी वाचक

ता. क. : उत्तर पाठवाल तर दोघांनी वेगवेगळ्या अक्षरात पाठवा.