हॉर्न गहाण

झाडीपट्टीतल्या नाटकातून लवकर निघतो म्हणून कोणी उठत नाही. खलनायक मरेपर्यंत पहाट होते, आणि तो मेल्याशिवाय बायको जागची हलत नाही. त्यामुळे वडशाजवळच्या गावातून आम्ही निघालो तेव्हा तांबडं फुटत होतं. आरमोरी मागे पडली, गडचिरोलीच्या वाटेवर जंगल लागलं आणि गाडीने दोन आचके देऊन मान टाकली. स्टार्टर फिरे, इंजीन धरेना.

मेहुण्याने बॉनेट उघडलं. त्याचं सगळं शिक्षण १९८३ साली आलेल्या मारुती ८००वर झालेलं. कार्बोरेटर खोलायचा, जेटमध्ये फू करायचं, गाडी सुरू! पाच मिनिटं आत डोकं घालून त्याने विचारलं, "भाऊजी, कार्बोरेटर कुठाय?"

"तुझ्या आठवणीत. ही इंजेक्शनवाली आहे."

मग त्याने चंद्रपूरच्या एका मेकॅनिकला झोपेतून उठवलं. त्याने गाडी न बघताच कॉम्प्युटर गेल्याचं सांगितलं. तीसेक हजार. बायकोने काचा वर केल्या. वाघाचा मुलूख, आम्ही दोघे बाहेर.

तेवढ्यात मागून नाटक कंपनीची गाडी आली. रात्री मेलेला खलनायक अर्ध्या मेकअपमध्ये उतरला आणि "पेट्रोल हाये नं जी?" म्हणाला. त्याच्यामागून लाइटवाला आला. हातात दोन वायरी जोडलेला बारा व्होल्टचा बल्ब.

"लाइट नाई लागला तं आमी पयले बलब नाई बदलवत जी. करंट कोठवरी आला, ते पायतो."

त्याने मागच्या सीटला कान लावला. "किल्ली फिरवा, स्टार्टर मारू नोका." आम्ही श्वास रोखले. टाकीतला पंप किल्ली दिल्याबरोबर दोनेक सेकंद गुणगुणायला हवा; पुढे इंजीन फिरताना दिसलं तरच कॉम्प्युटर त्याला चालू ठेवतो. आमच्या टाकीत सुतक होतं.

मग बल्ब फिरू लागला. फ्यूजच्या अलीकडे उजेड, पलीकडे उजेड. पंपाचा रिले किल्लीसरशी 'टक्' म्हणे, पण त्याच्या पुढच्या पायाला बल्ब लावला की अंधार. "इथवरी हाये. इथून पुढं नाई." रिले म्हणजे चिमुकलं फाटक. दोरी ओढल्याचा आवाज येत होता, फाटक उघडत नव्हतं. शेजारीच हॉर्नचा रिले होता, अगदी तसलाच. त्याने तो उपटून पंपाच्या जागी बसवला. मागून 'घुंऽऽई' आलं. एवढं सुरेल गाणं रात्रभराच्या नाटकातही झालं नव्हतं, पण खलनायकासमोर हे बोललो नाही.

गाडी सुरू झाली. लाइटवाल्याने पैसे घेतले नाहीत. "हॉर्न मात्र वाजनार नाई हं," एवढं बजावून गेला.

गडचिरोली ते चंद्रपूर सुमारे ८० किलोमीटर, वाटेत व्याहाड, सावली, मूल, आणि हॉर्न गहाण! मेहुणा खिडकीतून अर्धा बाहेर. सावलीपर्यंत "जरा बाजूला व्हा" असा सभ्य होता. मूलला बकऱ्या आडव्या आल्या तेव्हा थेट रात्रीच्या खलनायकाच्या आवाजात गर्जला. बकऱ्या हलल्या नाहीत. दोन सायकलवाले मात्र रस्ता सोडून खाली उतरले.

घरी येऊन जुन्या रिलेचं टोपण काढलं. आतल्या दोन पॉइंटांच्या मधोमध एक मुंगी, चपटी होऊन भाजलेली. १९४७ साली अमेरिकेत हार्वर्डच्या संगणकाच्या रिलेत पतंग सापडला होता, तो तिथल्या मंडळींनी चिकटपट्टीने नोंदवहीत जपून ठेवला. आपल्याही मुंगीला तो मान मिळावा म्हणून मी चिकटपट्टी आणायला उठलो. परत येतो तर मेहुणा रिलेत फू करून मोकळा.

"बघा भाऊजी," तो म्हणाला, "शेवटी फुंकायचंच होतं!"