कपाटामागच्या पॉइंटसाठी चार्जर कसा निवडावा

घरात प्लग पॉइंट पुष्कळ असतात. त्यातला एकच वेळेला उपयोगी पडेल असा असतो आणि तो कपाटामागे असतो. यात इलेक्ट्रिशियनचा दोष नाही. तो येतो तेव्हा घर रिकामं असतं, भिंत मोकळी असते, आणि तो आपल्या बुद्धीला स्मरून बोर्ड बसवून जातो. मग आपण येतो, लोखंडी कपाट येतं, दिवाण येतो, आणि बोर्ड अंतर्धान पावतो. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत चारही भिंतींना काही ना काही टेकलेलं असे; तिथे पॉइंट कशामागे आहे एवढाच प्रश्न असायचा. आज टू बीएचके असूनही प्रश्न तोच आहे, फक्त कपाटं वाढली आहेत.

‘मग कपाट पुढे ओढा की!’ असं सुचवणाऱ्याने संसार केलेला नसतो. कपाट ओढायचं तर आधी वरच्या बॅगा उतरवाव्या लागतात. बॅगांत गणपतीचं मखर असतं, मखराखाली कुणाच्या तरी लग्नातल्या न उघडलेल्या भेटवस्तू असतात, आणि त्या कुणी दिल्या होत्या यावर संध्याकाळ जाते. शिवाय कपाटाची जागा घरातल्या वडीलधाऱ्या बाईंनी एकदा ठरवलेली असते. त्यापेक्षा भौतिकशास्त्राकडे वळलेलं सोपं.

प्रथम फट मोजावी. डोळ्यांचा अंदाज, वीत, चार बोटं हे प्रकार पुरणपोळीला ठीक. इथे मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी आत सरकवावी. समजा फट सहा सेंटिमीटर भरली. आता सहा सेंटिमीटर लांबीचा चार्जर आणणारा गृहस्थ थोड्याच वेळात केबल हातात घेऊन विचारमग्न उभा असलेला दिसेल. केबलचं टोक आणि तिला वळायला लागणारी जागा यांत तीनेक सेंटिमीटर सहज जातात. दाबून दुमडली तर टोकापाशी तिची साल निघते आणि आत तांबं दिसू लागतं. यावर उतारे दोन. एक, नव्वद अंशांत वळलेल्या टोकाची केबल. दुसरा, ज्याचं भोक समोर नसून खालच्या अंगाला आहे असा चार्जर. दुसरा अधिक सात्त्विक. मात्र तो आडवा ऐसपैस नसावा. आपल्याकडे पॉइंटच्या शेजारीच बटण असतं, आणि रुंद चार्जर त्यावर मांडी ठोकून बसतो. मग चार्जर काढल्याशिवाय बटण बंद करता येत नाही, आणि बटण बंद केल्याशिवाय चार्जर काढू नये असे आपल्यावर संस्कार असतात.

परदेशस्थ भाच्याने आणलेला चार्जर या कामी वर्ज्य समजावा. अमेरिकेतल्या चपट्या पिनांचा चार्जर बहुधा १०० ते २४० व्होल्ट चालवून घेतो, त्यामुळे आपल्या २३० व्होल्टचं त्याला भय नाही. भय आहे ते कन्व्हर्टरचं, कारण तो मध्ये घातला की सगळा डोलारा भिंतीपासून बोटभर पुढे येतो. दुबईहून आलेला जाड चौकोनी तीन पिनांचा चार्जर तर आपल्या गोल भोकांत जातच नाही. परदेशी दोन पिना घुसवण्यासाठी वरच्या अर्थिंगच्या भोकात पेन्सिल खुपसून आतली झडप उघडणारे थोर तंत्रज्ञ प्रत्येक खानदानात एक तरी असतात. त्यांना त्या खोलीत एकटं सोडू नये.

आता आकाराबद्दल. जुने चार्जर हातात घेतले की वजन लागायचं, कारण त्यांत लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर असे आणि तो आपल्या विजेच्या ५० हर्ट्‌झवरच काम करी. नंतरच्या चार्जरांनी विजेची उघडझाप सेकंदाला हजारो वेळा करायला सुरुवात केली. उघडझाप जितकी जलद, तितका ट्रान्सफॉर्मर लहान पुरतो. सिलिकॉनच्या जागी गॅलियम नायट्राइड आलं तेव्हा हा वेग आणखी वाढला आणि वाया जाणारी ऊर्जा कमी झाली. खोक्यावर ‘गॅन’ लिहिलेलं असतं ते हे. अडचणीच्या जागेसाठी ते घ्यावंच.

पण उष्णतेला जागा लागते, आणि खोक्यावर ती गोष्ट कुणी लिहीत नाही. २० वॅट देणारा चार्जर दहाएक टक्के वाया घालवत असेल, तर दोन वॅटच्या आसपास ऊब सतत बाहेर पडते. मोकळ्या भिंतीवर ही ऊब कुणाच्या लक्षातही येत नाही. तीच ऊब लहान अंगातून बाहेर पडायची म्हटली की ते अंग अधिक तापतं. समोर कपाटाची पाठ, मागे पावसाळ्यात ओल धरणारी भिंत, मध्ये कोळिष्टकं आणि कधीतरी मागे पडलेला हातरुमाल. म्हणून फट सहाची असेल तर चार्जर चारचाच घ्यावा आणि उरलेली जागा हवेच्या नावावर करून द्यावी. ६५ वॅटचा घेतला म्हणून २० वॅटचा फोन ६५ वॅट ओढत नाही, तो आपल्यापुरतंच मागून घेतो. तेव्हा थोडा मोठा घ्यायला हरकत नाही, मावत असेल तर.

यानंतर पत्रिका पाहावी. चार्जरच्या पिनांच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत ती छापलेली असते. आजोबांचं भिंग घ्यावं. चौकोनात चौकोन असेल तर आत दुहेरी इन्सुलेशन आहे, म्हणून त्याला अर्थिंगच्या पिनेची गरज नाही. घराचं चित्र म्हणजे घरातच वापरावा; बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनमागे नव्हे. काट मारलेला कचऱ्याचा डबा म्हणजे मेल्यावर ओल्या-सुक्यात टाकू नये. मग गुणाकार करावा. ९ व्होल्ट, २.२२ अ‍ॅम्पियर म्हणजे २० वॅट, गुण जुळतात. खोक्यावर ६५ वॅट आणि पाठीवर फक्त ५ व्होल्ट, २ अ‍ॅम्पियर असेल तर उत्तर दहा येतं आणि स्थळ नाकारावं. शेवटी बीआयएसची खूण आणि ‘आर’पुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक. मोबाइलच्या अ‍ॅडॉप्टरना ही नोंदणी सक्तीची आहे. क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की तो कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. स्टेशनबाहेर चादरीवर मांडलेल्या चार्जरांनाही क्रमांक असतात. ते टाकून पाहणं हा रविवारचा चांगला विरंगुळा आहे.

स्वस्तात काय वाचवलेलं असतं? भिंतीकडची २३० व्होल्टची बाजू आणि फोनकडची बाजू यांच्यामध्ये आत काही मिलिमीटरची मोकळी जागा सोडावी लागते. बनावट मालात त्या मिलिमीटरांची काटकसर होते. फोन चार्ज होताना त्याच्या धातूच्या कडेला कधी हलकी झिणझिणी जाणवते, ती चांगल्या चार्जरातही एका कपॅसिटरमुळे येऊ शकते आणि निरुपद्रवी असते. वाईट चार्जरातली झिणझिणी अगदी तशीच लागते. बोटांना फरक कळत नाही, म्हणून तर भिंग.

पॉइंट ढिला असेल तर मात्र उत्तमातला उत्तम चार्जरही व्यर्थ. ढिल्या भोकात पिन ठिणग्या पाडते, तापते, प्लॅस्टिक पिवळं पडतं. त्यात कालनिर्णयच्या जुन्या पानाची घडी खोचून चार्जर घट्ट करणारे लोक मी पाहिले आहेत. एकादशी कधी ते त्यामुळे कळत नाही आणि कागद पेट घेतो. सॉकेट बदलावं.

आता हळू आवाजात एक सांगतो. चपट्या प्लगचं चांगलं एक्स्टेन्शन कपाटामागे लावून त्याचा बोर्ड बाहेर काढला, तर वरचं सगळं बरंचसं अनावश्यक ठरतं. चार्जर हवेत, बटण हातात. फक्त त्याच बोर्डावर कुणी इस्त्री लावू नये आणि त्याला दुसरं एक्स्टेन्शन जोडू नये. पण हा उपाय घराघरांत फेटाळला जातो, कारण ‘वायर दिसते’. आपल्याकडे जळलेला पॉइंट चालतो, दिसणारी वायर चालत नाही.

दोन पोर्टचा चार्जर घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की अनेक चार्जरांत दुसरी केबल लावताच पहिला फोन क्षणभर थांबतो आणि वॅटची नव्याने वाटणी होते. सासऱ्यांचा फोन रखडला आणि सूनबाईंचा पळाला, तर त्यात कुणाचा हेतू नसतो. कोणत्या पोर्टला किती, ते चार्जरवर छापलेलंच असतं. बसवल्यावर ती बाजू भिंतीकडे जाते, म्हणून आधी तिचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकून ठेवावा.