टिपशास्त्री

महागड्या टिपेनं खेळ सुधारतो का, हा प्रश्न टिपशास्त्र्यांना विचारू नये. विचारला तर ते रागावत नाहीत. उलट खुर्ची ओढून बसतात, आणि रचून ठेवलेली फ्रेम तशीच राहून टेबलाचं मीटर पळत राहतं. प्रत्येक पूल पार्लरमध्ये आणि प्रत्येक जिमखान्याच्या बिलियर्ड्स रूममध्ये हे गृहस्थ असतातच. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी बरी, घराचे हप्ते संपत आलेले. क्यू स्वतःची, केस स्वतःची, केसच्या कप्प्यात एक छोटी डबी आणि डबीत क्यूच्या टोकाला चिकटवायच्या चामड्याच्या चकत्या. चकतीचा व्यास 13 मिलिमीटर, तिच्याविषयीच्या ज्ञानाला परीघच नाही. ब्रेक करण्याआधी ते क्यू ट्यूबलाइटसमोर आडवी धरतात, एक डोळा मिटतात, टिपेवर अंगठ्याचं नख दाबून बघतात आणि ‘अजून बसली नाहीये’ असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणतात. पुढचा शॉट चुकला तर कारण आधीच नोंदवून झालेलं असतं, आणि बसला तर श्रेय टिपेला. टिप कशीही जिंकतेच. फ्रेमचं काय झालं, हे विचारण्याचा शिष्टाचार नाही.

टिपेचा इतिहास त्यांना पाठ असतो. फ्रान्स्वा मिंगो नावाचा एक फ्रेंच कॅप्टन एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तुरुंगात होता आणि तिथं त्यानं क्यूच्या टोकाला चामडं लावून बॉलला हवी तशी फिरकी देण्याचं तंत्र पक्कं केलं. अभ्यास पुरा व्हावा म्हणून त्यानं शिक्षा वाढवून मागितली, अशी आख्यायिका आहे. ती सांगताना टिपशास्त्र्यांचा आवाज भरून येतो; घरच्यांनी परवानगी दिली असती तर तेही गेले असते. वर्तमानकाळ मात्र जास्त खर्चिक आहे. एल्कमास्टर नावाची निळसर, दाबून केलेली साधी टिप जगभरच्या स्नूकर खेळाडूंनी कित्येक दशकं वापरली. ती परदेशात साधारण डॉलरभरात मिळते. कामुई, मूरी या जपानी टिपा डुकराच्या कातड्याचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून करतात, आणि त्यातल्या एकीला वीस-पंचवीस डॉलर पडतात. आपल्याकडे यायचा खर्च धरला की दोन हजारांच्या घरात. श्रावणात अंड्यालाही न शिवणारे टिपशास्त्री या थरांविषयी तासभर रंगून बोलू शकतात. एवढी महागाची चकती मग मार्करच्या, म्हणजे टेबलं सांभाळणाऱ्या माणसाच्या, स्वाधीन होते. तो कोपऱ्यात बसून जुनी टिप ब्लेडनं उडवतो, खालची फेरूल (क्यूच्या टोकावरची टोपी) पॉलिश पेपरवर सपाट करतो, फेविक्विकचा एक थेंब टाकतो, नवी चकती ठेवून क्यू उलटी जमिनीवर दाबून धरतो. मग बाहेर आलेली कड तासतो, अंगठ्याला थुंकी लावून ती कड ओली करतो आणि जुन्या चामड्याच्या तुकड्यानं घासून चकाकवतो. या सगळ्या वेळात टिपशास्त्री शेजारी उभे असतात. घरच्या ऑपरेशनलाही ते इतका वेळ उभे राहिले नसतील.

आता त्यांचा मुख्य दावा बघू. तो असा, की महागडी टिप बॉलला ‘पकडते’, जास्त वेळ धरून ठेवते, त्यामुळं स्क्रू (बॉल मागं आणणारी फिरकी) जास्त लागतो आणि साईड (आडवी फिरकी) जास्त मिळते. ऐकायला हे बिनतोड वाटतं. टेबलावर मात्र टिकत नाही. वादळांच्या फिरण्याशी ज्याचं नाव जोडलं गेलंय त्या गास्पार-गुस्ताव कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञानं 1835 साली बिलियर्ड्सच्या गणितावर आख्खा ग्रंथ लिहिला. बॉलच्या केंद्रापासून त्रिज्येच्या साधारण निम्म्या अंतरावर टिप लागली की जास्तीत जास्त साईड मिळते, असं त्यानं त्यात दाखवलं. पूलचा बॉल साधारण 57 मिलिमीटरचा, म्हणजे ही मर्यादा केंद्रापासून 14 मिलिमीटरवर आली. त्यापलीकडे गेलात की टिप घसरते आणि तो कर्कश ‘टक्’ ऐकून शेजारच्या टेबलावरचेही वळून बघतात. बॉलला त्याच्या वेगाच्या मानानं फिरकी किती मिळणार, हे टिप न घसरता कुठे टेकली यावर ठरतं, ती कुठल्या देशातून आली यावर नाही. घसरू न देण्याचं काम मुख्यतः चॉकचं असतं. तो चांगला लावलेला असेल तर डॉलरची टिप आणि पंचवीस डॉलरची टिप एकाच जागी, एकाच वेगानं मारून जवळजवळ सारखीच फिरकी देतात. राहिला ‘जास्त वेळ धरून ठेवण्याचा’ मुद्दा. टिप आणि बॉल यांची भेट होते सेकंदाच्या एक-दोन सहस्रांश भागापुरती. मऊ टिपेनं ती भेट किंचित लांबते हे खरं. पण या किंचितपणाची फिरकी होऊन टेबलावर दिसत नाही.

यावर टिपशास्त्र्यांचं उत्तर ठरलेलं असतं: ‘तुमचं गणित बरोबर असेल हो, पण हाताला कळतं.’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हाताला कळतंच; प्रश्न एवढाच, की कधी कळतं. तळव्यातली जाणीव मेंदूपर्यंत पोचायलाच सेकंदाच्या शतांशाहून अधिक वेळ लागतो. तोवर पांढरा बॉल टिपेपासून सुटून चार बोटं पुढं गेलेला असतो. म्हणजे ज्या जाणिवेवर टिपशास्त्री शॉट सांभाळल्याचा दावा करतात, ती शॉटचा अहवाल असते. पण मी हा मुद्दा इथंच सोडून देणार नाही, कारण अहवालालाही किंमत आहे. कडक टिपेचा ठणठणीत आवाज, मऊ टिपेचा दबका आवाज, हाताला बसणारा हलका झटका यांवरून खेळाडू पुढच्या शॉटसाठी शिकत असतो. अट एकच: अहवाल दर वेळी एकाच भाषेत यायला हवा. महागड्या टिपेचा खरा उपयोग इथं आहे, आणि गंमत म्हणजे टिपशास्त्री नेमका तो कधीच सांगत नाहीत.

साध्या टिपांची पेटी 50 नगांची असते आणि त्यांतल्या दोन टिपा सख्ख्या बहिणी असतीलच असं नाही. एक दगडासारखी, एक स्पंजासारखी. म्हणून जुने खेळाडू पेटी उघडून एकेक टिप टेबलाच्या लाकडावर टाकायचे, आवाज ऐकायचे, पाच-सहा बाजूला काढायचे आणि उरलेल्या क्लबाला देऊन टाकायचे. क्लबाच्या क्यू क्लबाच्या क्यूसारख्या का लागतात, याचं उत्तर कदाचित यातच असेल. शिवाय साधी टिप खेळता खेळता दबते, कडेनं छत्रीसारखी पसरते, सारखी तासावी लागते. हे टाळायला अमेरिकेतल्या काही खेळाडूंनी काढलेला उपाय तर देवघरात शोभावा: एल्कमास्टर दिवसभर दुधात भिजत घालायची, मग शिकंज्यात दाबून वाळवायची. तशी तयार केलेली टिप खरोखरच घट्ट होते आणि कमी पसरते. थरांच्या टिपेत ही निवड, दाब आणि वाळवणी कारखान्यानं आधीच उरकलेली असते. एक थर झिजला तर खालचाही तसाच निघतो, कड फारशी पसरत नाही, आणि तीच टिप पुन्हा मागवली तर बहुतेक तशीच येते. दोन हजार रुपये मोजून मिळतो तो हा सारखेपणा. रोज चार तास खेळणाऱ्याला, ज्याचा हात शंभरातून नव्वद वेळा एकाच जागी पडतो, त्याला ही रक्कम जड वाटू नये.

आणि इथंच टिपशास्त्र्यांचा हिशेब कोलमडतो. ते सारखेपणा विकत घेतात आणि तीन महिन्यांत बदलून टाकतात. आधी मध्यम, मग ‘मध्यम मऊ वाटली’ म्हणून कडक, मग ‘कडक फार बोलते’ म्हणून मऊ, मग दुसऱ्या कंपनीची मध्यम, जी पहिल्या कंपनीच्या कडकइतकी असते, कारण कडक-मऊचं सर्वमान्य माप या धंद्यात नाही. कोल्हापुरी चप्पल चावायची थांबली की ती काढून नवी घ्यावी, तसा हा प्रकार. नवी टिप रुळायला काही दिवस जातात, तिच्या टोकाचा गोलसर घुमट जमायला आणखी काही. आणि ती हाताची व्हायला लागली, की पार्ल्यातल्या कुणा मित्राकडे नवं काहीतरी आल्याची बातमी पोचते. उलट बाजूचं उदाहरण स्टीफन हेन्ड्रीचं. 1990 ते 1999 या काळात सात वेळा स्नूकरचं जागतिक विजेतेपद मिळवणारा हा माणूस सुमारे 40 पौंडांच्या साध्या क्यूनं खेळत आला; 2003 साली विमानप्रवासात ती मोडली तेव्हा हळहळ झाली ती किमतीपायी नव्हे. आपल्याकडे पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, तेव्हा थरांच्या टिपा बाजारात यायला काही दशकं अवकाश होता. टिपशास्त्री हे ऐकून मान डोलावतात आणि म्हणतात, ‘विचार करा, त्यांना कामुई मिळाली असती तर!’

‘मग आजचे व्यावसायिक खेळाडू महागड्या टिपा का वापरतात?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न, आणि तो विचारताना त्यांचा सूर खरोखरच टिपेला गेलेला असतो. वापरतात, कारण त्यांना फरक कळतो. कळतो, कारण त्यांच्या खेळात हलणारी दुसरी कुठलीच गोष्ट शिल्लक राहिलेली नसते. त्यातल्या बऱ्याच जणांना टिपा कंपनीकडून येतात, हाही तपशील लहान नाही. ज्याचं कोपर शॉटगणिक वेगळ्या वाटेनं जातं, त्याला टिपेतला फरक शोधूनही सापडायचा नाही. पूलच्या ब्रेकपुरती मात्र मी हार मानतो. तिथं कडक, अगदी फिनॉलिक प्लास्टिकची टिप लावली तर धक्क्यातली ऊर्जा कमी वाया जाते आणि बॉल अधिक वेगानं सुटतो. हा फरक मोजता येण्याजोगा आहे. पण त्यासाठी ब्रेकची वेगळी क्यू लागते, आणि हे वाक्य टिपशास्त्र्यांच्या पत्नीसमोर उच्चारू नये.

शेवटचा आक्षेप सर्वांत प्रामाणिक: ‘माझे पैसे, माझी हौस, आणि महागडी टिप लावली की मला आत्मविश्वास येतो.’ हौसेला उत्तर नसतं. आत्मविश्वासही नाकारता येत नाही. निर्धास्त माणसाची क्यू सरळ जाते. पण हा आत्मविश्वास टिकतो किती? टिप पहिल्यांदा घसरेपर्यंत. टेबलाचा दर तासाला दोनशे रुपये धरला तर एका टिपेच्या पैशात दहा तास एकट्यानं सरळ शॉट मारता येतील. पांढरा बॉल मधोमध मारून तो गेला त्याच रेषेत परत आणायचा, एवढंच. कंटाळवाणं काम आहे. त्यात कुणी बघायला थांबत नाही, डबी उघडून दाखवावं असं काही हाती लागत नाही. वर पन्नास-शंभर मार्करच्या हातावर ठेवून साधीच टिप नीट बसवून घ्यावी आणि तिचा घुमट राखायला सांगावं. कारण सपाट झालेली टिप, मग ती कुठलीही असो, बॉलला कडेनं भिडते. टिपेच्या बाबतीत खेळाडूच्या हातात असणारी सर्वांत मोठी गोष्ट तिचा आकार आहे, आणि तो राखायला पॉलिश पेपरचा एक तुकडा पुरतो.

टिपशास्त्री हट्टी असतात असा समज आहे; तो चुकीचा. पुरावा नीट मांडला तर ते पटवून घेतात, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. फिरकी टिपेच्या किमतीवर अवलंबून नाही, हे ते मान्य करतात. साईड मारताना बॉल रेषेबाहेर का सरकतो हा विषय निघाला, आणि त्यालाही टिपेपेक्षा क्यूच्या पुढच्या काही इंचांचं वजन कारणीभूत असतं असं सांगितलं, तर हेही ते लक्ष देऊन ऐकतात, दोनदा विचारून खात्री करून घेतात, आणि शांत होतात. आठवड्याभरात कार्बन फायबरच्या शाफ्टची ऑर्डर गेलेली असते. पुढचं टोक हलकं, किंमत टिपेच्या वीसपट. तो आला की त्याला कुठली टिप चालेल, हे मार्करला विचारून ठेवलेलं असतं.