उसातला दर्यावर्दी

आमच्या इंदापूर तालुक्यात पाणी म्हणजे आवर्तन. नीरा डावा कालवा सुटला की गाव खूश, बंद झाला की सगळे पाटबंधारे खात्याच्या नावानं बोटं मोडायला मोकळे. त्यामुळे बारावीनंतर मी मर्चंट नेव्हीत जाणार म्हटल्यावर वडिलांनी आधी चौकशी केली ती समुद्रकाठच्या उसाची. "एवढं पाणी उशाला, मग एकरी टनेज किती पडतं त्यांना?" खारं पाणी पिकाला चालत नाही हे कळल्यावर समुद्र त्यांच्या मनातून उतरला तो कायमचाच. आजीनं फक्त "उजनीपेक्षा मोठा का रं?" एवढंच विचारलं.

खरं तर आमच्या तालुक्याचं आणि बोटींचं नातं जुनं. ज्या वालचंद हिराचंदांनी इथं ऊस लावून वालचंदनगर वसवलं, त्यांनीच नरोत्तम मोरारजींबरोबर सिंधिया जहाज कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांची 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली, तीही समुद्रावर ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी असताना. तो दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. आमच्याकडे मात्र वालचंदशेठ म्हटलं की साखर आठवते, आगबोट नाही. मुलाखतीत मी हे सगळं ठोकून दिलं. समोरच्या कॅप्टनसाहेबांना बहुधा वाटलं, पोरगं शेठजींचा वशिला लावतंय.

निवड झाल्यावर बारामतीच्या स्टुडिओत पांढऱ्या गणवेशात फोटो काढून घेतला. तो गणवेश त्यानंतर बराच काळ बॅगेतून बाहेर आला नाही. बोटीवर अंगात बॉयलर सूट आणि हातात चिपिंग हॅमर. डेकवर उकिडवं बसायचं, गंजाचा पापुद्रा ठोकून उडवायचा, तारेच्या ब्रशनं पत्रा घासून उजळायचा आणि लगेच रेड ऑक्साइड मारायचं. जरा रेंगाळलं की खारा वारा पत्र्याला पुन्हा तांबूस करतो. नाकाच्या शेंड्यापासून बोटांच्या पेरांपर्यंत सगळं तांबडं. ही उसाची खुरपणीच होती. एका कडेनं साफ करत दुसऱ्या कडेला पोचावं, तोवर मागं पुन्हा माजलेलं. होकायंत्र, नकाशे, तारे वगैरे होतं, पण ते वॉचवर गेल्यावर, आणि तिथंही कॅडेटचं पहिलं शास्त्र म्हणजे साहेबांचा चहा.

बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, रत्नागिरीकडचे. त्यांच्या लेखी घाटावरचा माणूस म्हणजे पाण्याला पारखा.

"काय रे घाट्या, पोहायला कुठं शिकलास?"

"नीरा डाव्या कालव्यात, बोसन. पाठीला डबा बांधून."

"मग नीट बघून ठेव. ह्या समुद्राचं आवर्तन बंद होत नाही."

पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात बोट डोलायला लागली तेव्हा ते बंद व्हावं असं फार वाटलं. पोटात काही ठरेना. अशा वेळी रिकाम्या पोटी राहू नये, म्हणून बोसननी कोरडा पाव हातात कोंबला आणि वर पुन्हा हॅमरही दिला. गंजाला कुणाची मळमळ कळत नाही.

हल्ली सुट्टीत घरी असलो की पोरं पगार विचारायला येतात. पगार सांगतो, हॅमरचंही सांगतो. पण खरं सांगायचं ते त्यांच्या वडिलांना. कुणी एजंट "पैसे भरा, थेट बोटीवर चढवतो" म्हणाला, तर आधी नौवहन महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त यादीत त्याचं नाव बघा. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला मुळात बंदीच आहे. तेच पैसे ठिबकला घाला.