काहीतरी घेतो हो तो!

मंडळी, बातमी धक्कादायक आहे. मन घट्ट करून वाचा. टूर द फ्रान्समध्ये 2010 नंतरच्या एकाही विजेत्याकडून पिवळी जर्सी परत मागून घ्यावी लागलेली नाही. एकाकडूनही नाही! अशाने हा खेळ बुडेल हो. 1903 साली शर्यत सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी पहिले चारही जण बाद झाले. आरोप काय, तर काहींनी सायकल सोडून आगगाडी पकडली. शेवटी वीस वर्षंही पुरी न झालेल्या आँरी कॉर्नेला पाचव्या नंबरावरून उचलून विजेता करावं लागलं. अशा थोर घराण्याला हे असलं सोज्ज्वळ वागणं शोभतं का?

मग रसिकांनीच कंबर कसली. दर जुलैत आपल्याकडे रात्री आठ-नऊच्या सुमारास, म्हणजे तिकडे पिरेनीजमध्ये संध्याकाळ व्हायच्या आत, पुढारी गडी शेवटच्या घाटाला लागतो. तो जरा उभा राहून पेडल मारतो, मागचे चौघे दिसेनासे होतात, आणि सोफ्यावरून निकाल जाहीर होतो, ‘काहीतरी घेतो हो तो!’ पुरावा? पुरावा म्हणजे मोबाइलमधलं स्टॉपवॉच. घाटाची लांबी, चढ, गड्याचं वजन, वारा हे सगळं कॅल्क्युलेटरमध्ये घालायचं आणि किलोमागे किती वॉट ते काढायचं. सहाच्या वर आकडा गेला की भुवया वर, साडेसहाच्या वर गेला की जीभ चावायची, आणि साताजवळ आला की थेट चारित्र्यहनन. रविवारी पहाटे लायक्रा चढवून सिंहगडाच्या घाटात धापा टाकणारे आणि वर गेल्यावर पिठलं-भाकरीवर आडवा हात मारणारे आमचे पुणेकर मित्रही हल्ली याच भाषेत बोलतात. स्वतःचा आकडा विचारला की मात्र पॉवर मीटरची बॅटरी नेमकी संपलेली असते.

या वेडाला खरं उधाण आलं 14 जुलै 2024 ला. प्लातो द बेय नावाचा 15.8 किलोमीटरचा घाट. तिथला विक्रम मार्को पंतानीच्या नावावर, 1998 सालचा. ताडेय पोगाचारने तो सेकंदांनी मोडला असता तर कुणी हूं की चूं केलं नसतं. पठ्ठ्याने साडेतीन मिनिटांहून जास्त फरकाने मोडला. चाळीस मिनिटांच्या आत वर! आणि त्याच्या मागे दुसरा आलेला योनास विंगेगार्ड, तोही पंतानीपेक्षा वेगात. आता पंतानी म्हणजे कोण? तर 1999 च्या जिरो द इटालियात गुलाबी जर्सी अंगावर असताना, शर्यत संपायला दोन दिवस उरलेले असताना, रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण 52 टक्के निघालं म्हणून ज्याला घरी पाठवलं तो. मर्यादा होती 50. पुढे 2004 साली रिमिनीच्या हॉटेलात एकटाच गेला बिचारा, अवघ्या 34 व्या वर्षी. तर प्रश्न असा, की ज्या काळात रक्त दाट करून घाट चढत होते, त्या काळापेक्षा आजची पोरं नुसत्या पाण्या-साखरेवर इतकी पुढे कशी?

याला जाणकारांकडे उत्तरं आहेत. आता तासाला 120 ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात ढकलतात, पूर्वी एवढं कुणाला पचतही नव्हतं. टायर रुंद झाले, कपडे वारा कापतात, उंचावरच्या शिबिरांत आठवडेच्या आठवडे मुक्काम असतो, संघातले सोबती पायथ्यापासून भन्नाट वेग लावून देतात. हे सगळं खरं आहे, आणि पोगाचार किंवा विंगेगार्ड कुठल्याही चाचणीत कधी सापडलेले नाहीत हेही खरं. पण मला विचाराल तर निम्मं पटतं आणि निम्म्या वेळी वाटतं, हेच सगळं लान्स आर्मस्ट्राँगच्या (त्याची गोष्ट पुढे येतेच) काळातही आपल्याला सांगत होते की! तेव्हा म्हणे तो पेडल फार भराभर फिरवतो म्हणून जिंकतो.

संशय घेणाऱ्यांना दोष देता येत नाही, कारण या खेळाने गेली शंभर वर्षं त्यांना अव्वल दर्जाच्या सबबी पुरवल्या आहेत. लिथुआनियाचा रायमोंडास रुम्शास 2002 ला टूरमध्ये तिसरा आला, आणि त्याच सुमारास त्याची बायको औषधांनी भरलेल्या गाडीसह फ्रेंच कस्टम्सच्या हाती लागली. ती औषधं म्हणे सासूबाईंसाठी होती. जावयाने सासूबाईंची इतकी काळजी घेतल्याचं दुसरं उदाहरण युरोपात नसेल. त्याच साली बेल्जियमच्या फ्रँक वांडेनब्रुकच्या घरात माल सापडला, तो कुत्र्यासाठी. इटलीचा जिल्बेर्तो सिमोनी कोकेनमध्ये अडकला, तर घरच्या कुणा मावशी-आत्याने पेरू देशातून आणलेल्या गोळ्या चघळल्याचं निघालं, आणि इटलीच्या फेडरेशनने ते मान्य करून त्याला सोडलंही. अमेरिकेच्या टायलर हॅमिल्टनच्या रक्तात दुसऱ्याच माणसाचं रक्त मिळालं. त्याच्या बाजूने युक्तिवाद काय झाला? की आईच्या पोटात असतानाच विरून गेलेल्या जुळ्या भावंडाच्या पेशी अंगात राहिल्या असतील. वकील लावावा तर असा! लवादाने मात्र ते ऐकलं नाही. आल्बेर्तो कोंतादोरने 2010 ला बीफ खाल्लं, म्हणून क्लेनब्युटेरॉल आलं. लवाद म्हणाला, मांसापेक्षा भेसळीच्या सप्लिमेंटची शक्यता जास्त, तरीही जर्सी परत द्या.

पण या सगळ्यांत माझा लाडका आहे मिशेल पोलँतिए. 1978 सालचा जुलै. आल्प द्युएझचा घाट जिंकून हा बेल्जियन गडी पिवळ्या जर्सीत चाचणीच्या खोलीत गेला. काखेत रबराचा फुगा, फुग्यात दुसऱ्याचं स्वच्छ मूत्र, आणि तिथून जर्सीच्या आतून खाली सोडलेली बारीक नळी. हात अंगाशी दाबला की बाटलीत धार. योजना उत्तम होती. फक्त त्याच्या आधी एका दुसऱ्या रायडरने हाच देखावा मांडला होता आणि त्याची नळी ऐनवेळी अडली. डॉक्टरांना संशय आला, त्यांनी सगळ्यांच्याच जर्स्या वर करायला लावल्या. पोलँतिए एका दिवसात पिवळ्या जर्सीतून थेट घरी. अहो, एवढी कल्पकता त्याने सायकलच्या गिअरमध्ये वापरली असती तर पेटंट मिळालं असतं!

त्या मानाने पुढच्या मंडळींनी सगळा उद्योगच करून टाकला. ईपीओ हे डायलिसिसच्या पेशंटांना देतात ते इंजेक्शन. शरीर लाल पेशी जास्त बनवतं, स्नायूंना ऑक्सिजन जास्त मिळतो. 1998 च्या टूरच्या तोंडावर फेस्टिना संघाचा मालिशवाला विली व्होए असल्या शेकडो कुप्या भरलेली संघाचीच गाडी घेऊन बेल्जियमहून फ्रान्समध्ये शिरताना पकडला गेला. त्या वर्षी पोलीस हॉटेलं धुंडाळत राहिले आणि निघालेल्या 189 पैकी शंभरही जण पॅरिसला पोचले नाहीत. मग आले लान्स आर्मस्ट्राँग. कॅन्सरमधून उठलेले, 1999 पासून सलग सात वेळा विजेते, मनगटात पिवळा पट्टा. तो पट्टा तेव्हा जगभर लोकांनी घातला, त्यांत मीही. पुढे 2012 ला अमेरिकेच्या डोपिंगविरोधी संस्थेने अहवाल काढला, त्यात निघालं की 1999 च्या टूरमध्ये साहेबांचा माळीच मोटारसायकलवरून ईपीओ पोचवत होता. आर्मस्ट्राँगच्याच संघातल्या फ्लॉइड लँडिसने तर सांगितलं की एकदा संघाची बस इंजिन बिघडल्याचं नाटक करून रस्त्याच्या कडेला थांबली, आणि आत रायडर आडवे पडून रक्ताच्या पिशव्या चढवून घेत होते. बाहेरून लोक बसला हात हलवत असतील, काय सांगावं!

हल्लीच्या चर्चेतली फोडणी मात्र वेगळीच आहे. 2024 च्या टूरदरम्यान बातमी फुटली, की मोठे संघ कार्बन मोनॉक्साइड हुंगतात. होय, तोच! बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर खिडकी उघडी ठेवा म्हणून ज्याच्यापायी घरोघरी बजावतात, तो. संघांचं म्हणणं, उंचावरच्या शिबिराचा किती फायदा झाला ते मोजायला अगदी थोडा वायू एकदोनदा घेतात, रक्तातलं हिमोग्लोबिन त्यावरून कळतं. आणि ही पद्धत प्रयोगशाळांत जुनीच आहे. पण हाच वायू रोज थोडा थोडा हुंगला तर शरीर घाबरून लाल पेशी वाढवतं, ही मेख आहे. पोगाचारला पत्रकारांनी विचारलं तेव्हा पहिल्यांदा त्याने कानावर हात ठेवले, नंतर म्हणाला, प्रश्न नीट कळला नव्हता, मोजणीपुरती चाचणी केली होती. फेब्रुवारी 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने पुन्हा पुन्हा हुंगण्यावर बंदी घातली. म्हणजे त्याआधी चालत होतं? चालत होतं! नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं ना.

आणि औषधाचीच गरज काय म्हणा. जानेवारी 2016 मध्ये झोल्डरच्या सायक्लोक्रॉस विश्व स्पर्धेत 19 वर्षांच्या फेम्के व्हान देन द्रीशच्या सायकलच्या नळीतच मोटर सापडली. ती म्हणाली, सायकल मित्राची आहे. सहा वर्षांची बंदी. आता रायडरांचं रक्त आणि सायकलींचा एक्स-रे, दोन्ही काढतात.

आता एवढ्या गोंगाटात स्वच्छ माणसाची आशा धरणाऱ्यांचं काय होतं ते ऐका, आणि इथे मात्र मला हसू येत नाही. ख्रिस्तोफ बासोन्स हा आधी फेस्टिनाचाच रायडर. हा घेत नाही, असं त्याच्याच सहकाऱ्यांनी पोलिसांना सांगितलं होतं. 1999 च्या टूरमध्ये तो एका पॅरिसच्या दैनिकात रोज लिहायचा आणि हा वेग काही सरळ नाही असं लिहिण्याचं धाडस त्याने केलं. आल्प द्युएझच्या टप्प्यावर आर्मस्ट्राँग त्याच्या शेजारी येऊन म्हणाला, असं बोलायचं असेल तर निघून जा. बाकीच्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. काही दिवसांत हा माणूस शर्यत सोडून घरी गेला. त्या वर्षी वाळीत पडला तो न घेणारा, आणि टाळ्या घेणाऱ्याला. आपणही त्याच टाळ्यांत होतो.

अमेरिकेच्या त्याच अहवालात एक हिशेब आहे. 1999 ते 2005 या सात वर्षांत टूरच्या पोडियमवर पहिल्या तीन नंबरांच्या एकवीस जागा झाल्या. त्यांतल्या वीस जागांवरच्या लोकांचा डोपिंगशी कबुली, शिक्षा, तपास अशा कुठल्या ना कुठल्या मार्गाने संबंध निघाला. उरला एक, 1999 चा तिसरा, स्पेनचा फेर्नांदो एस्कार्तीन. म्हणून ‘हरला म्हणजे स्वच्छ’ हे हल्लीचं लाडकं गणितही खरं नाही. दुसरे-तिसरेही घेतच होते की.

आणि युरोपवाल्यांना नाकं मुरडण्यापूर्वी जरा घरात बघू या. मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत नमुने पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण 2022 आणि 2023 अशी सलग दोन वर्षं सर्वांत जास्त कुणाचं? भारताचं. आपल्याकडच्या स्टेडियमच्या स्वच्छतागृहांत सिरिंजा सापडल्याच्या बातम्या वाचून आपण पान उलटतो, आणि पोगाचारच्या वॉटवर मात्र रात्री अकरापर्यंत जागतो.

तेव्हा संशय घ्या, बिनधास्त घ्या, तो या शर्यतीच्या तिकिटातच धरलेला आहे. फक्त माणसाचं नाव घेऊन बदनामी करायची असेल तर पंतानीचा विक्रम मोडला एवढ्यावर करू नका. थोडी कळ काढा. नमुने दहा वर्षांपर्यंत जपून ठेवून पुन्हा तपासता येतात. 2024 च्या टूरच्या बाटल्या 2034 च्या जुलैपर्यंत केव्हाही उघडतील. तोवर पेढे खुशाल वाटा, पावती सांभाळून ठेवा.